ताडकळसजवळचा सिमेंटचा आड

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी, परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या अलीकडे असलेल्या एका हॉटेलात, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतण्यात आले. ते त्यांनी प्यायले नाही. ओंजळ उघडून त्यांनी पाणी खाली जाऊ दिले, ते सरळ झाले आणि हॉटेलाबाहेर निघून गेले. ते का निघून गेले हे तिथे हजर असलेल्यांपैकी, मी धरून, कोणालाही कळले नव्हते.

मी परभणीला गेलो होतो तो जेवायला. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या रस्त्यांवर थीम हॉटेले निघाली आहेत. कुठे तुरुंग, कुठे विमान, कुठे जुने खेडे. रविवारच्या पुरवणीसाठी त्यांतल्या तीन हॉटेलांवर लिहायचे होते: जेवण कसे, सेवा कशी आणि थीम जेवणाला मदत करते की आड येते. हॉटेलांची नावे इथे देत नाही. माणसांची नावे बदलली आहेत.

सोबत सिद्धार्थ होता. तो पूर्णेचा. लग्नांचे फोटो काढतो, अधूनमधून वर्तमानपत्रांना देतो. गाडी त्याचीच. त्याला स्वतःचेही एक काम होते. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्याचा साखरपुडा होता आणि जागा अजून ठरली नव्हती.

“सर, तुमी चव बघा, मी जागा बघतो,” परभणी स्टेशनबाहेर बॅग गाडीत टाकताना तो म्हणाला. “एका पेट्रोलमधी दोन कामं.”

मुलगी, मयुरी, नांदेडला नर्स आहे. तिच्याकडची माणसे कुठेही यायला तयार होती. अडचण सिद्धार्थच्या घरची होती. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले. आजोबांनी, म्हणजे आबांनी, त्याला वाढवले. ते पूर्णा स्टेशनात तिकीट तपासनीस होते आणि बाहेरचे जेवण त्यांना पसंत पडत नाही. त्यांच्या अटी सिद्धार्थने पाठ केल्या होत्या: बसायला पाठ असलेली खुर्ची, गरम भाकरी, कमी आवाज.

“आबा न्हाई म्हणले की माझा साखरपुडा कॅन्सल,” तो म्हणाला. “मयुरीला बी तसंच सांगून ठेवलंय. आबा बसले पाहिजेत, मग बाकीचं.”

शुक्रवार, बोरीजवळ

परभणीहून जिंतूरकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. आमच्या रत्नागिरीकडे शेत म्हणजे घराइतका तुकडा आणि त्याला दगडी बांध. इथे नजर जाईल तिथवर काळी जमीन सपाट पसरलेली असते आणि मध्येच एखादे लिंबाचे झाड.

बोरीच्या पुढे तुरुंग लागला. भिंतींना राखाडी रंग, गज असलेल्या कोठड्या, प्रत्येक कोठडीत एक टेबल. वाढपी खाकी कपड्यांत. आमच्या हवालदाराने दारातच ‘गुन्हा काय?’ असे विचारले. सिद्धार्थ म्हणाला, “भूक.” हवालदाराला हे उत्तर रोज मिळत असावे, तो हसला नाही. आम्हाला आत घालून त्याने बाहेरून कुलूप लावले.

अंबाडीची भाजी चांगली होती. ठेचा उत्तम. भाकरी मात्र गार आली, कारण ती आणणाऱ्याला दर वेळी कुलूप काढावे लागत होते. तिसऱ्या भाकरीला कुलूप अडकले. हवालदार किल्लीशी झटला, मग दुसरा हवालदार आला, मग पोटावर पंचा बांधलेला आचारी गोडेतेलाची वाटी घेऊन आला.

“मामा, जामीन द्या की,” सिद्धार्थ आतून म्हणाला.

“थांब रे बाबा, तेल मुरू दे,” आचारी म्हणाला. “काल एक कुटुंब हितंच अडकलं होतं. लेकरू रडायलं, बाई शिव्या द्यायली. तुमी लय शांत हाव.”

सुटका झाली तेव्हा उरलेले वरण थिजले होते. हात धुताना सिद्धार्थने आपला निकाल दिला: “आबांनी आयुष्यभर विनातिकीटवाल्यांना पोलिसाकडं दिलंय. स्वतः जाऊन आत बसणार न्हाईत.”

शनिवार, राणीसावरगावचा रस्ता

गंगाखेडच्या खाली, राणीसावरगावकडे जाताना कापूस वेचून झालेल्या शेतात एक विमान उभे होते. पत्र्याचे, पांढरे, शेपटीवर मोर. आत जुन्या लक्झरी बसच्या सीटा. मालकीणबाईच हवाई सुंदरी होत्या: जरीची साडी, गळ्यात लाल रुमाल, हातात माईक.

“प्रवाशांनी पट्टा बांधून घ्यावा,” त्यांनी जाहीर केले. “आन् मुळा कच्चा खायचा असंल त्यांनी आत्ताच सांगावं, पुन्हा उठून जाणं व्हत न्हाई.”

ते खरे होते. सीटांमधली वाट इतकी अरुंद की जेवणाची गाडी पुढे सरकत नव्हती. ताटे डोक्यांवरून हातोहात मागे जात. माझ्या पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीवर दही सांडले. त्याने टोपी काढून चाटून पाहिली आणि दही आंबट असल्याची तक्रार केली. मालकीणबाई म्हणाल्या, “भाऊ, टोपीचा आंबटपणा असंल.”

उकडशेंगुळे मी इथे पहिल्यांदा खाल्ले. ज्वारीच्या पिठाची बोटाएवढी कडबोळी, लसणाच्या पाण्यात शिजवलेली. तीन दिवसांत खाल्लेल्यांतला हा दुसऱ्या क्रमांकाचा पदार्थ. पण विमानात चढायला लोखंडी जिना होता आणि आबांचा उजवा गुडघा वाकत नाही.

उतरल्यावर सिद्धार्थने फोनवर मला एक रील दाखवली. मयुरीने पाठवलेली. त्यात माणसे एका आडाभोवती उकिडवी बसली होती, नऊवारीतली एक मुलगी ओट्यावरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत होती आणि सगळे खिदळत होते.

“मयुरीचं मन हितं बसलंय. उद्या आबांनाच घेऊन जाऊ. गाव हाय, भाकर हाय, खुर्ची मागून घेऊ.”

रविवार, ताडकळस

आबांना पूर्णेतून घेतले. ऐंशीच्या घरातले, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. “जयभीम,” ते म्हणाले, आणि मी पुढची सीट त्यांना देऊ केली तेव्हा “रिझर्वेशन तुमचं हाय, बसा,” असे म्हणून मागे बसले. मग वाटभर सिद्धार्थच्या गाडी चालवण्यावर शेरे.

“गेअर टाकायलाय का तिकीट फाडायलाय?”

“आबा, तुमीच म्हणता दमानं चल.”

“दमानं म्हणलो. झोपून न्हाई.”

हॉटेल रस्त्यापासून आत होते. दगडी वेस, तिच्यात हलगी वाजवणारा माणूस, आत सिमेंटचा पार आणि त्याभोवती झोपड्यांसारख्या खोल्या. प्रत्येक खोलीवर पाटी: पाटील, कुलकर्णी, सोनार, सुतार, कुंभार. जे मिळेल त्या घरात बसायचे. आबा सावकाश फिरले, सगळ्या पाट्या वाचल्या.

“गाव हितंच संपलं का?” त्यांनी विचारले.

“मागं पार्किंग हाय,” सिद्धार्थ म्हणाला.

आबा ‘बरं’ म्हणाले. मला ती तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाची थट्टा वाटली.

मालक प्रतापराव चाळिशीतले, आधी त्यांचे खताचे दुकान होते. सिद्धार्थचा साखरपुडा आहे हे कळताच त्यांनी आमच्यासाठी सोनाराच्या घरात टेबल लावले, आबांसाठी हात असलेली खुर्ची मागवली आणि वेशीतली हलगी थांबवायला लावली. दोन अटी पूर्ण झाल्या, गरम भाकरी तेवढी यायची होती. सिद्धार्थने माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला.

“जेवायच्या आधी आडावर यावं लागतं,” प्रतापराव म्हणाले. “आमची पद्धत हाय.”

आड सिमेंटच्या कड्यांचा, वर लाकडी रहाट. शेजारी कमरेइतका उंच ओटा. त्यावर नऊवारीतली मुलगी उभी, हातात तांब्या. खाली आम्ही. एक कुटुंब आमच्या आधी पाणी पिऊन, बाह्या भिजवून हसत बाजूला झाले होते. मग मी बसलो. पाणी गार होते, निम्मे कोपरावरून गेले. सिद्धार्थ व्हिडिओ काढत होता.

आबा मागून आले. गुडघा वाकत नाही म्हणून ते नुसते पुढे वाकले आणि हात पुढे केले. जेवणाआधी हात धुवायचे आहेत असे त्यांना वाटले, हे त्यांनी नंतर सांगितले. मुलीने धार सोडली.

“प्या आबा, प्या!” ती म्हणाली. “चूळ नका भरू, बिसलेरीचं हाय!”

आबांनी मान वर केली. तांब्या पाहिला, ओटा पाहिला, मुलीचे पाय पाहिले. ते त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. मग त्यांनी हात उघडले.

ते वेशीतून बाहेर गेले तेव्हा सिद्धार्थचे चित्रीकरण चालूच होते. “आबा, पाणी लय थंड होतं का?” असे त्याने मागून विचारले. ते वाक्य त्या व्हिडिओत आहे.

गाडीजवळ बाभळीच्या सावलीत आबा उभे होते. हात कोरडे करून झाले होते तरी रुमालाने पुसत होते. आम्ही पोचलो, मागोमाग प्रतापराव धावत आले, हातात पाण्याची बाटली.

“बाबा, बाहेर कामून उभे राहिलात? काही चुकलं का आमचं?”

“हे आडावरचं कुणी सांगितलं तुमाला?” आबांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

प्रतापरावांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना आवडत असावा. “माझी आजी. आमच्या वाड्यात विहीर होती. दुपारच्याला आजी स्वतः उभी राहायची, येईल त्याच्या ओंजळीत पाणी घालायची. कुणाला न्हाई म्हणली न्हाई. लय धर्माची बाई. तिची आठवण म्हणून तर हे केलंय.”

“येईल त्याला?”

“हौ. येईल त्याला.”

“तुमचे पावणे आले, सोयरे आले, त्यांना बी ओंजळीत?”

“न्हाई, पावण्यांना तांब्या-भांडं...” प्रतापराव म्हणाले आणि थांबले.

बाटली त्यांच्या हातात तशीच राहिली. सिद्धार्थने फोन खाली घेतला. वेशीवर हलगी पुन्हा सुरू झाली होती.

“तुमची आजी चांगलीच असंल,” आबा म्हणाले. “माझी आई बी चांगली होती. ती घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची. कुणी पाणी शेंदायला आलं आन् त्यांच्या मनात आलं तर वरून घालायचे. मन न्हाई झालं तर बसून राहायचं. मी शाळेतून यायचो, तहान लागलेली, अशीच ओंजळ धरायचो. शिंतोडा उडला की ते मागं सरायचे.”

“बाबा, आमचा हेतू तसा न्हवता.”

“हेतू कोण इचारायलंय? धार कुठून पडायली ते बघा.”

आबा पुढे बोलले, पण आता सिद्धार्थकडे पाहून.

“छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. त्यावर आईनं कुणाच्या दारात ओंजळ धरली न्हाई. लांबून नदीचं पाणी आणलं, गढूळ, गाळून पाजलं. रेल्वेत लागलो तवा पयल्या दिवशी स्टेशनच्या नळाला तोंड लावून प्यालो. पोट फुगस्तोर. त्या नळाला मालक न्हवता.”

“तुमी कधी बोलला न्हाईत, आबा.” सिद्धार्थ म्हणाला.

“कशाला बोलू? तुला फ्रीजचं मिळायलंय, बरं हाय की.” मग गाडीचे दार उघडत: “तुझा साखरपुडा हितं करायचा तर कर. जागा चांगली हाय, खुर्ची चांगली हाय. मी येणार न्हाई एवढंच.”

ते गाडीत बसले. काच वर केली.

मी आत परत गेलो, कारण जेवणावर लिहायचे होते. सोनाराच्या घरात तीन ताटे वाढलेली होती. येसर आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, एक चमचा घेतली. तीन दिवसांत खाल्लेल्यांत ती सर्वांत चांगली होती. दुसरा चमचा घेतला नाही. आडाजवळ नवे लोक बसले होते. त्यांतल्या एका बाईने ओट्यावरच्या मुलीला सांगितले, “जरा अजून वरून सोड ना, फोटोत धार दिसायली न्हाई.” मुलगी टाचा उंचावून उभी राहिली.

परत निघालो तेव्हा कोणीच जेवलेले नव्हते. पूर्णेच्या अलीकडे मयुरीचा फोन आला. सिद्धार्थ गाडी चालवत होता, म्हणून स्पीकरवर.

“आवडलं का आबांना? आड बघितला का?”

सिद्धार्थने गाडी बाजूला घेतली. काय झाले ते सांगितले. मधली दोन-तीन वाक्ये त्याला दोनदा सांगावी लागली. 

“मी ती रील घरच्या ग्रुपवर टाकली,” मयुरी म्हणाली. “माझ्या आजीनं बघितली. तिनं फोन उलटा ठेवला, आन् मला वाटलं तिला दिसत न्हाई नीट.”

मागच्या सीटवरून आबा म्हणाले, “पोरी, तुझं काय चुकलं न्हाई. तू जेवलीस का?”

“न्हाई आबा.”

“मग जेव आधी.”

पूर्णेला त्यांच्या घरी आम्ही पिठले आणि शिळी भाकरी खाल्ली. आबांनी स्वतः पिठले केले. माझ्यापुढे त्यांनी पाण्याचा पेला ठेवला, तो काठोकाठ भरला, आणि जेवताना रत्नागिरीच्या विहिरी किती खोल असतात असे विचारले. मी सांगितले. तिथल्या विहिरींवर पूर्वी कोण कसे पाणी भरत असे, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

त्यानंतर

पुढचे मी पाहिलेले नाही. सिद्धार्थने फोनवर सांगितले आणि प्रतापरावांनी त्याला दुजोरा दिला.

मंगळवारी प्रतापरावांनी आपल्या आईला विचारले. आईने सांगितले की सासूबाई पाणी द्यायच्या हे खरे, आणि पाणी देऊन झाले की तांब्याला कोणाचा हात लागला नसला तरी तो राखेने घासून घ्यायच्या, हेही खरे. हे आईने याआधी सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. “मला तांब्याचं म्हाईतच न्हवतं, सर,” प्रतापराव मला म्हणाले. “मला फक्त आजी दिसायची.”

सिद्धार्थ त्या दिवसांत पूर्णेत दुसऱ्या जागा पाहत होता. दोन मंगल कार्यालये भरलेली होती. मयुरीच्या वडिलांनी नांदेडला या असे सुचवले. आबा म्हणाले, नांदेड चालेल, रेल्वे हाय.

गुरुवारी प्रतापराव पूर्णेला आबांच्या घरी गेले. आबांनी त्यांना बसायला सांगितले, चहा केला. थोडा वेळ कापसाबद्दल बोलणे झाले. मग आबांनी विचारले, “ओटा?”

“काल फोडला.”

“पोरीचं काय? तिचं काम गेलं का?”

“न्हाई. ती आता गल्ल्यावर बसायली.”

“आन् पाट्या?”

“काढल्या. नंबर टाकले.”

आबांनी कपबश्या उचलल्या, आत ठेवून आले आणि म्हणाले, “गरम भाकर पाहिजे. त्या दिवशी आमी चाखली न्हाई.”

ठरलेल्या रविवारी साखरपुडा त्याच हॉटेलात झाला. आबा आले. मयुरीच्या आजीही आल्या. त्या दोघांच्या खुर्च्या शेजारी होत्या. बुद्धवंदना आबांनी सांगितली. जेवण दुपारी झाले, पाणी पेल्यांतून दिले गेले. सिद्धार्थने फोटो पाठवले आहेत. त्यांत आडाच्या बाजूला फोडलेल्या सिमेंटचा ढीग दिसतो.

त्याच रविवारी संध्याकाळी, साखरपुड्याला नसलेल्या, बाहेरून जेवायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने नकाशाच्या ॲपवर या हॉटेलाबद्दल अभिप्राय लिहिला. तो अजून तिथे आहे. आधी या हॉटेलाला त्याच गिऱ्हाइकाने पाच तारे दिले होते, आता दोन आहेत. मजकूर असा: “आज एका साखरपुड्याची गर्दी होती. येसर आमटी एक नंबर, सर्व्हिस चांगली. पण आडावर ओंजळीत पाणी द्यायचं बंद केलंय. मुलांना खास तेच दाखवायला आणलं होतं. जुन्या गावाचा खरा फील गेला. मालकांनी परत सुरू करावं.” खाली ‘उपयुक्त’ अशी खूण केलेल्यांची संख्या वाढते आहे.